सत्ताविसाव्या पानाची दुरुस्ती

बीड जिल्ह्यात चार दिवस कशाला गेला होतात, असं कोणी विचारलं तर मी 'एका पुस्तकाच्या कामासाठी' असं सांगते. ते खोटं नाही. पण तेवढंच सांगून गप्प बसणं बरं नाही, असं परत आल्यावर वाटायला लागलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पुण्यात आमचं काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचं, त्याच्या टाकीचं तोंडभर कौतुक करायचं आणि घरी जाताना जिन्यात तिच्यातल्या चुका काढायच्या, असं वर्षानुवर्षं चाललं आहे. गुप्पी, मोली, गुरामी, एंजल अशा उष्ण प्रदेशातल्या माशांबद्दल नवशिक्याच्या हाती देता येईल असं साधं मराठी पुस्तक आपणच काढू, असं मंडळात ठरलं आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. तीस वर्षं मुलांना द्रावणं मोजून दिली. त्यामुळे औषधांची प्रमाणं लिहायला माझ्याहून योग्य कोणी नाही, असं सगळ्यांना वाटलं आणि मलाही वाटलं. मुद्रितंही मीच तपासली. निळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक झालं, पोस्टाने गावोगाव गेलं.

एका मंगळवारी सकाळी फोन आला.

"नमस्कार म्याडम. मी दिंद्रुडहून मन्मथअप्पा बोलतो. किराणा दुकान हाय माझं. एक इचारायचं होतं. माझं काय चुकलं ते सांगता का?"

मग त्यांनी सांगितलं. दुकानात टाकी होती. एंजलच्या अंगावर कापसासारखं काहीतरी आलं, म्हणून त्यांनी आमच्या पुस्तकातलं सत्ताविसावं पान काढलं. विहिरीत टाकतात ती लाल दवा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, आणली. किराण्याच्या काट्यावर एवढं बारीक वजन होत नाही म्हणून सोनाराकडून तोलून घेतली. दहा लिटरला दोन दशांश ग्रॅम, पुस्तकात होतं तसंच. संध्याकाळपर्यंत सगळे मासे गेले.

"चार महिने झाले. तोलताना चुकलं, का माझ्या हातालाच काही हाय, तेच कळंना. म्हणून म्हणलं लिवणाऱ्यालाच इचारावं."

फोन कानाला धरूनच मी पुस्तक उघडलं. दर १० लिटर पाण्याला. तिथे १०० हवं होतं. एक शून्य गळलं होतं, आणि त्या पानावरून मुद्रितं तपासताना माझी नजर तीनदा तरी फिरली असणार.

मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. त्यांनी तो आकडा माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतला. मग म्हणाले, "मी ह्या पुस्तकाची झेरॉक्स चौघांना दिलीय, म्याडम."

मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापू आणि सगळ्यांना पाठवू. चिठ्ठ्या लगेच छापल्याही. पण आमच्याकडे यादी होती ती पुस्तक विकत घेतलेल्यांची. झेरॉक्सची यादी कुठून आणणार? आमचे हे म्हणाले, "फोनवर सांग की." मी दोन रात्री जेमतेम झोपले आणि गुरुवारी पहाटे चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बीडच्या एसटीत बसले.

दिंद्रुड

नगर मागे पडल्यावर डोंगर बुटके होत गेले आणि आकाश वाढत गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि हिरवी ज्वारी होती. मी बघत होते, पण मनात एकच हिशेब चालला होता: टाकी किती लिटरची असेल, तर किती दवा पडेल, आणि मासा किती वेळ टिकेल.

बीडच्या स्टँडवर गाडी बदलताना पहिला घोटाळा झाला. दिंद्रुडला जाणारी गाडी सुटते आहे असं कोणी तरी ओरडलं, मी धावत जाऊन बसले आणि गाडी गावाबाहेर पडल्यावर लक्षात आलं की चिठ्ठ्यांचा गठ्ठा आधीच्या गाडीच्या रॅकवरच राहिला. ज्या कामाला निघाले तेच विसरून आले होते. एक चूक दुरुस्त करायला निघालेलं माणूस वाटेत दुसरी करतं, याची मला त्या वेळी खरोखर भीती वाटली. पर्समध्ये लाल बॉलपेन होतं. ते आहे ना, हे मी तेलगावपर्यंत दोनदा उघडून पाहिलं.

अप्पांचं दुकान बाजाराच्या रस्त्यावरच आहे. साठीचे, पांढरी टोपी, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे. पोती, तेलाचे डबे, आणि गल्ल्याच्या शेजारी, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे, ती काचेची टाकी. आत राजगिऱ्याच्या लाडवांची पाकिटं रचलेली होती.

मी माफी मागायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "आदी पाणी घ्या. लांबून आलात."

चहा झाला. मग मी बोलले. मुद्रितं मीच तपासली होती हेही सांगितलं, कारण ते सारखं 'छापणाऱ्याची चूक' म्हणत होते. त्यांनी ऐकून घेतलं, गिऱ्हाइकाला साखर बांधून दिली, आणि सावकाश म्हणाले, "कशानं झालं ते कळलं, बास. मला वाटत होतं माझाच हात खराब हाय. घरात बी मी पाण्याच्या भांड्याला हात लावत न्हवतो. बायको हसायची."

त्यांनी रागवायला हवं होतं. रागावलेल्या माणसासमोर कसं उभं राहायचं ते मी बसमध्ये ठरवून आले होते. याची तयारी नव्हती.

अप्पांचंही एक मंडळ आहे. नाव नाही, पावती नाही. दिंद्रुडातले तिघं, पालीचा एक आणि अप्पा. आमच्या पुण्याच्या मंडळात फिल्टर कुठल्या बनावटीचा यावर दोन सभा जातात. इथे पाणी टाकीतून काढलं की ते वाया न घालवता कढीपत्त्याला घालायचं, हा पहिला नियम, कारण उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा माशांसाठी पाणी मागायला तोंड नसतं. संध्याकाळी ते तिघं आपापल्या झेरॉक्स घेऊन दुकानात आले. एकाने पानांना प्लॅस्टिकची कव्हरं घातली होती. त्या कव्हरातून पान काढून मी लाल पेनाने शून्य घातलं. तिघांपैकी कोणीही अजून ती दवा वापरली नव्हती.

रात्री अप्पांच्या घरी ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी जेवले. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळून ठेवलेलं पीठ. पाण्याला उकळी आली की त्यात सोडायचं. आमच्याकडे आमटी म्हणजे डाळ. ही डाळीवाचूनची आमटी मी दोन वाट्या प्यायले. त्यांच्या बायकोला वाटलं, मी भुकेली आहे. खरं म्हणजे दोन दिवसांनी पहिल्यांदाच चव लागत होती.

राहिला पालीचा दत्ता. अप्पांनी फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला. तो धरणाच्या कडेला कोणाची तरी मोटर काढायला गेला होता. "या तुमी उद्या, हायेत ते," ती म्हणाली.

पाली

शुक्रवारी सकाळी अप्पांनी सुशीला खाऊ घातला. चुरमुरे भिजवून पोह्यांसारखे फोडणीला टाकतात, वर डाळ्याचं कूट. मग बीडला परत, आणि तिथून पाली. बिंदुसरेचं धरण रस्त्यावरूनच दिसतं. पाणी बऱ्यापैकी होतं. काठावर म्हशी, पलीकडे डोंगराची काळपट ओळ, आणि रस्त्याकडेला पाट्यांमधून हंगामातली शेवटची सीताफळं. एरवी मी उतरून घेतली असती.

दत्ताचं पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान आहे. जळालेल्या मोटरींची रांग दाराबाहेरपर्यंत होती आणि तांब्याच्या तारांच्या वेटोळ्यांमागे, भिंतीत बसवलेली, चकचकीत, निरोगी टाकी. गुरामी आणि मोली. मी आधी मासे मोजले, मग त्याच्याकडे पाहिलं.

"पुस्तक?" दत्ता म्हणाला. तो चाळिशीचा, हातावर काळं ग्रीस. "ते आमी कवा वाचलंच न्हाई, म्याडम. फोटो बघितले. मासा कसा दिसतो, टाकी कशी लावायची. बाकी अप्पाला इचारतो."

मी हसले. आपलं लिहिलेलं कोणी वाचलं नाही याचा असा आनंद लेखकाला क्वचितच होत असेल. पेन काढलं आणि म्हटलं, "द्या इकडे, दुरुस्त करते."

"माझ्याकडं कुठंय? बहिणीला दिलं. मीरा. चकलांब्याला दिलीय ती. तिला लई नाद हाय वाचायचा."

"फोन लावा तिला."

"परवाच बोललो. तिच्या बी माशाला ते कापसावानी आलंय म्हणत होती. मी म्हणलं, पुस्तकात औषध दिलंय ते बघ. तर म्हणली, बघितलं, लाल दवा मागवलीय. शनवारी टाकी धुती ती, तवा टाकणार."

शनिवार म्हणजे दुसरा दिवस. त्या आकड्याप्रमाणे दवा टाकली तर मासे मरतात, हे मी त्याला सांगितलं.

फोन बंद होता. तिच्या नवऱ्याचाही बंद. दत्ताने गावातल्या आणखी एकाचा लावला, तोही लागला नाही. "डीपी जळालाय त्यांच्याकडं परवापासनं," त्याला आठवलं. "गावात लाईट न्हाई. कुणाचं चार्जिंग असंल?"

मी म्हटलं, आपण आत्ताच निघू. तो माझ्याकडे नवलाने बघायला लागला. दाराशी चार शेतकरी मोटरीसाठी बसून होते, ज्वारीला पाणी द्यायचं होतं. त्यांच्यासमोर मी माशांचं काय सांगणार? शेवटची गाडी गेवराईच्या पुढे जात नाही, असंही निघालं. "काय होत न्हाई," दत्ता म्हणाला. "माझी बहीण शाणी हाय." तो तारा गुंडाळायला बसला, पण दर अर्ध्या तासाने ग्रीसच्या हाताने फोन लावून बघत होता, हे मी पाहिलं.

त्याच्या बायकोने दह्याबरोबर धपाटे वाढले. मीराबद्दल तिनेच सांगितलं. मीराचे सासरे, आबा, गावचे सरपंच होते. बोलायला उभे राहिले की तालुक्याचे अधिकारी खाली बघायचे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. उजवी बाजू गेली. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. मीराने माहेरहून एंजल मासे नेले आणि त्यांच्या खाटेसमोर टाकी लावली तेव्हापासून ते उठून बसायला लागले.

"आता माशांनी पिल्लं घातलीत," ती म्हणाली. "आबा कुणाला टाकीपाशी उभं राहू देत न्हाईत."

मी सकाळच्या पहिल्या गाडीची वेळ विचारली.

चकलांबा

पहिल्या गाडीने बीड, तिथून गेवराई. गेवराईला जीप भरायची वाट बघत पाऊण तास गेला. मी ड्रायव्हरला म्हटलं, उरलेल्या सीटचे पैसे मी देते, चला. तो म्हणाला, "बसा मावशी, लोकांना बी यायचंय." बरोबरच होतं त्याचं.

अर्ध्या वाटेवर उसाची ट्रॉली कलंडली होती. रस्ताभर ऊस. दोन्हीकडे गाड्या थांबल्या. लोक खाली उतरून ऊस बाजूला करत होते, काही जण सोलून खातही होते. दहा वाजले होते. शनिवारी मी टाकी धुते तेव्हा किती वाजता सुरुवात करते, ते आठवायचा प्रयत्न केला. सकाळची कामं आटोपली की. म्हणजे आत्ताच. मी उतरले, उसावर पाय देत पलीकडे गेले, घसरून गुडघा फोडून घेतला, आणि तिकडून परत फिरणाऱ्या एका टेम्पोत बसून गावात पोचले. सरपंचआबांचं घर कोणीही दाखवलं.

घराच्या बाहेरूनच आवाज येत होता. स्टीलचं काहीतरी लोखंडावर आपटत होतं, ठण ठण ठण, न थांबता.

ओसरीवर खाट होती. तिच्यावर उंच, वाळलेला म्हातारा बसला होता आणि डाव्या हाताने पेला खाटेच्या दांडीवर आपटत होता. समोर टाकी. टाकीतलं पाणी जांभळं झालं होतं. काठाशी तिशीतली एक बाई तांब्याने पाणी उचलून वरून परत टाकीत ओतत होती, पुन्हा पुन्हा, कारण लाईट नव्हती आणि हवेचा पंप बंद होता.

"आबा, थांबा की," ती म्हणत होती. "औषध हाय ते. बरं होतील."

मासे वर येऊन तोंड उघडत होते. एक आडवा झाला होता.

"मासे बाहेर काढा," मी म्हटलं. "आत्ता. साठवलेलं पाणी आहे का?"

तिने कोण, कुठली, काहीच विचारलं नाही. "पिंपात हाय. बोरचं."

जाळी नव्हती. पिठाच्या चाळणीने आम्ही सहा मोठे मासे एकेक करून पिंपात सोडले. पण पिल्लं राहिली. टाचणीच्या डोक्याएवढी, त्या जांभळ्या पाण्यात दिसतही नव्हती. ती चाळणीत येणार नव्हती. पाणीच निवळवायला हवं होतं.

"व्हिटॅमिन सीच्या गोळ्या आहेत घरात? आंबट, चघळायच्या."

तिच्या सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आबांच्या औषधांचा डबा आणला. एक अख्खं पाकीट होतं. वरवंट्याने ठेचून, तांब्यात ढवळून मी ते थोडंथोडं टाकीत सोडलं. ही प्रक्रिया मी तीस वर्षं मुलांना काचेच्या नळीत दाखवत होते. जांभळ्याचं तपकिरी होतं, तपकिरीचं पाणी. मुलं दरवेळी खूश व्हायची. इथे मात्र रंग जाईपर्यंत मनात येत होतं, की पाणी निवळलं आणि त्यात काहीच हलत नसलं तर?

पाणी निवळलं. तळाशी पांढरा चुरा दिसत होता, तो गोळ्यांचा होता की पिल्लांचा, कळेना. मीरा काचेला नाक लावून बसली. मग तिने बोट ठेवलं. वनस्पतीच्या पानामागे काहीतरी थरथरलं. मग आणखी एक. निम्मी असतील, कदाचित कमी.

पेल्याचा आवाज कधी थांबला ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. आबा टाकीकडे बघत होते, आणि त्यांच्या छातीतून धाप लागल्यासारखा आवाज येत होता.

पिंपातल्या सहांपैकी दोन दुपारपर्यंत गेले. त्यातला एक पिल्लांचा बाप.

मी हातपाय धुऊन आले तोवर सासूबाईंनी ओसरीवर पाट मांडला होता. मला बसवलं, कुंकू लावलं. "देवानंच धाडलं बगा तुमाला," त्या म्हणाल्या. "कोण कुठल्या, येळंवर आलात." ताटात तांदूळ, नारळ आणि खण होता. मी पदर पसरून ओटी घ्यायची होती.

मी पदराला हात लावला आणि तिथेच थांबले. ओटी घ्यावी, जेवावं, आणि पान गुपचूप दुरुस्त करून निघावं, असं एकदा मनात आलं. तसं केलं असतं तर कोणालाच कळलं नसतं. दत्ताने सांगितलं असतं नंतर कधीतरी, पण तेव्हा मी तिथे नसते.

"ओटी भरू नका," मी म्हटलं. "ते पुस्तक मी लिहिलं आहे. सत्ताविसाव्या पानावरचा आकडा चुकला आहे. माझ्याकडून. दहाऐवजी शंभर हवं होतं. मी तेच सांगायला आले होते."

सासूबाईंचा नारळाचा हात तसाच राहिला. आबांना ऐकू येत होतं, त्यांनी मान माझ्याकडे वळवली. दोन वर्षं न बोललेल्या माणसाने असं बघितलं की तालुक्याचे अधिकारी खाली का बघत असतील, ते मला कळलं.

मीरा पिंपाजवळ होती. "म्हंजी मी बरोबर टाकलं हुतं?"

"पुस्तकाप्रमाणे बरोबरच."

"निम्मंच टाकलं मी. रंग बघून हात थांबला. मग वाटलं, पुस्तकात हाय तर आपण कोण थांबणार. उरलेलं टाकणारच हुते, पर आबा वाजवायला लागले."

ती आत गेली. सासूबाईंनी ताट उचलून देव्हाऱ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "आदी जेवा." भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. मी खाल्लं, कारण नको म्हणायचा हक्क मला नव्हता.

जेवण झाल्यावर मीरा झेरॉक्स घेऊन आली. पानांच्या कडा मऊ झाल्या होत्या, समासात पेन्सिलच्या खुणा. दुकानातून आणलेलं पुस्तक इतकं वाचलेलं मी पुण्यात कोणाच्या घरी बघितलं नाही. ती माझ्यासमोर बसली.

"बाकीची पानं बरोबर हायेत का?"

मला हो म्हणता येईना. मंगळवारपर्यंत मी हो म्हटलं असतं. "माहीत नाही," मी म्हटलं.

"मग वाचा. पहिल्यापासनं. मी सांगते मला काय दिसतंय ते."

त्या दुपारी ओसरीवर मी माझंच पुस्तक मोठ्याने वाचलं. ती ऐकत होती, मधेच थांबवत होती. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलावे. "उन्हाळ्यात?" मी लिहिलं: पाणीटंचाईत काय करावे. नळाचे पाणी दोन दिवस साठवावे. "आमच्यात नळ न्हाई, बोर हाय. त्याचं काय लिवलंय?" काहीच लिहिलं नव्हतं. तेही लिहिलं. मग एंजलचं प्रकरण आलं. मी वाचलं, जड पाण्यात हा मासा सहसा अंडी घालत नाही.

मीराने टाकीकडे बोट दाखवलं.

मी ती ओळ खोडली. "कशी घातली ते सांगा, तेच लिहिते," मी म्हटलं. तिने सांगितलं, आणि मी समासात, मग पानाच्या मागे लिहीत गेले. तिचं बोलणं नेमकं होतं. किती दिवस, कोणत्या वेळी, ऊन कुठून येतं. आमच्या मंडळात एवढं बघून बोलणारं माणूस मला आठवत नाही.

शेवटाकडे आलो तेव्हा आबा पुन्हा पेला वाजवायला लागले. दोनच ठोके, मग थांबले, मग दोन. ते माझ्या हातातल्या पेनाकडे बघत होते.

"सही करा म्हणत्यात," मीरा म्हणाली. "पंचायतीच्या ठरावात खाडाखोड झाली की बाजूला सही लागायची. न्हाईतर ते धरत नसत."

मी पहिल्यापासून पानं उलटली आणि जिथे जिथे लाल शाई होती तिथे सही केली. सत्ताविसाव्या पानावर दोन ठिकाणी. मग आबांनी डावा हात पुढे केला. मीराला कळलं नाही, सासूबाईंना कळलं. त्यांनी पेन त्यांच्या बोटांत बसवलं आणि पान धरून ठेवलं. माझ्या सहीखाली त्यांनी एक रेघ ओढली, तिला गाठ आली, मग आणखी एक रेघ. नाव झालं नाही. पण ते लिहिताना ओसरीवर कोणी हललं नाही. त्यांनी पेन सोडलं तेव्हा ते घामाने भिजले होते.

शेवटची जीप गेली होती, म्हणून मी तिथेच राहिले. रविवारी सकाळी डीपी बदलून लाईट आली, पंप बुडबुडायला लागला. राहिलेले चार मासे मीराने टाकीत सोडले. मादी टाकीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जात होती आणि मधेच थांबत होती. तिला काय वाटत असेल हे मला लिहिता येणार नाही. पुस्तकात तसं काही लिहिणंही बरोबर नाही.

मीरा स्टँडवर सोडायला आली. वाटेत तिने एकदाच विचारलं, पुस्तक परत छापणार का. मी म्हटलं, हो, आणि छापायच्या आधी सगळी पानं तुमच्याकडे पाठवीन, चालेल का. ती हो म्हणाली. जीप आली, माझी पिशवी तिने वर दिली.

"दोन मासे गेले त्याचं मला लई वाईट वाटतंय, म्याडम," ती खिडकीशी येऊन म्हणाली. "तुमी आलात, खरं सांगितलंत, तरी ते जाणार न्हाई. पर त्यासाठी तुमी जिवाला घोर लावून घेऊ नका."

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"पाठवा पानं," ती म्हणाली. "मी बघते."